शाळा व्यवस्थापन समितीवर निवड झाली, आता पुढे काय? गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांच्या पालकांसाठी

शाळा सुरू झाली की पालकांची सभा भरते. मुख्याध्यापक सांगतात, समिती नव्याने निवडायची आहे. कुणीतरी तुमचे नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो आणि घरी जाईपर्यंत तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य झालेले असता. आता करायचे काय, हे मात्र कुणी सांगत नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला हजर राहायचे आणि अधूनमधून वहीत सही करायची, एवढेच काम असेल असे बहुतेकांना वाटते. मी या समितीवर आधी सदस्य आणि नंतर अध्यक्ष म्हणून काम केले आहे. कायद्याने पालकांच्या हाती केवढे काम दिले आहे, हे मला हळूहळू कळत गेले. ते तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळावे, म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते. समितीची ताकद सभेतल्या बोलण्यात नसते, लिहिलेल्या ठरावात असते. जे इतिवृत्तात आले नाही आणि जावक क्रमांक पडून बाहेर गेले नाही, ते सरकारी व्यवस्थेच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

१. आपली समिती नेमकी कुठली, ते ओळखा

गोव्यात पालक-शिक्षक संघ जवळजवळ प्रत्येक शाळेत असतो आणि त्याची सवयही सगळ्यांना आहे. स्नेहसंमेलन, सहल, बक्षिसे ही कामे संघ करतो. शाळा व्यवस्थापन समिती ही वेगळी गोष्ट आहे. ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ खाली स्थापन होते आणि शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा करणे, अनुदानाचा विनियोग तपासणे ही तिची कामे कायद्यातच लिहिलेली आहेत. काही शाळांत दोन्हींची सभा एकाच दिवशी, एकाच वहीत उरकतात. तसे होऊ देऊ नका. वही वेगळी हवी.

तुमचे मूल अनुदानित शाळेत असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथल्या समितीला फक्त सल्ला देता येतो, निर्णय शाळा चालवणारी संस्था घेते. अल्पसंख्याक शाळांनाही हेच लागू आहे. पुढचे सारे मी सरकारी प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे.

२. समितीत कोण हवे, ते मोजून पाहा

कायद्यानुसार किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. उरलेल्या जागांवर स्थानिक स्वराज्य संस्थेचे निवडून आलेले प्रतिनिधी, म्हणजे गावात पंच आणि शहरात नगरसेवक, तसेच शिक्षक असतात. केंद्राच्या २०१० च्या नियमांनुसार अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच निवडले जातात, मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य-निमंत्रक असतात आणि समिती दर दोन वर्षांनी नव्याने बनते. राज्याचे नियम आणि शिक्षण खात्याची परिपत्रकेही मुख्याध्यापकांकडून मागून घ्या, कारण रोजचा कारभार त्यांवरच चालतो.

दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्यावी, असेही कायदा म्हणतो. हे वाक्य घाईत वाचून पुढे जाऊ नका. आज आपल्या कितीतरी सरकारी शाळांचा पट कर्नाटकातून आणि उत्तरेकडून कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांमुळे टिकून आहे. बांधकामावर, औद्योगिक वसाहतीत, मासळीच्या जेटीवर काम करणारे हे आईबाप सभेला आले तरी मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांच्यातल्या किमान एका आईला समितीवर घ्या. इतिवृत्त मराठीत लिहा, पण वाचून दाखवताना कोकणीत आणि गरज पडली तर मोडक्यातोडक्या हिंदीत सांगा. आमच्याकडे नळाचे पाणी दुपारनंतर बंद होते ही तक्रार प्रथम अशाच एका आईने केली. तिचा मुलगा रोज घरी आल्या आल्या घागरीकडे धावायचा, म्हणून तिच्या लक्षात आले होते.

३. पहिल्या सभेआधी हे कागद पाहून घ्या

- समिती स्थापनेच्या सभेचे इतिवृत्त आणि सदस्यांची यादी
- मागच्या समितीची ठरावांची वही
- बँक पासबुक, रोकड वही, व्हाउचरांची फाइल
- शेवटचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्च झाले याचा दाखला
- साठा नोंदवही, म्हणजे शाळेतल्या वस्तूंची यादी
- चालू वर्षाचा पट आणि हजेरीचा गोषवारा
- यूडायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती नोंदवणाऱ्या सरकारी प्रणालीत, शाळेने भरलेल्या माहितीची प्रत
- मागचा शाळा विकास आराखडा
- माध्यान्ह आहाराची नोंदवही
- आवक-जावक नोंदवही

या यादीतला यूडायसचा कागद बहुतेक जण बघत नाहीत. शाळेत किती शौचालये वापरात आहेत, कुंपण आहे का, पाणी आहे का, रॅम्प आहे का, ही माहिती दरवर्षी त्यात जाते आणि वरचे नियोजन तिच्यावर चालते. मोडलेले शौचालय कागदावर चालू दाखवलेले असेल, तर नवे मंजूर होण्याची आशा धरू नका. कागद हातात घेऊन शाळेला एक फेरी मारा आणि प्रत्येक नोंद डोळ्यांनी तपासा.

हे कागद मागताना आवाज चढवू नका. मुख्याध्यापकांना हा अविश्वास वाटू शकतो. ‘सर, मी नवीन आहे, समजून घ्यायचे आहे’ एवढे म्हटले तरी पुरते, आणि ते खरेही असते.

४. सभा कशी भरवायची

केंद्राच्या नियमांनुसार महिन्यातून किमान एक सभा व्हायला हवी आणि तिचे इतिवृत्त लोकांना पाहता आले पाहिजे. प्रत्यक्षात सभा कधी होतात? अनुदान आले की, किंवा तपासणी येणार असली की. यावर सोपा उपाय म्हणजे पहिल्याच सभेत वर्षभराचा वार ठरवून टाकणे. वेळ ठरवताना पालकांच्या कामाच्या पाळ्या विचारा. सकाळी दहाची सभा मुख्याध्यापकांना सोयीची असते, पण कारखान्यात किंवा हॉटेलात जाणाऱ्या आईला त्या सभेसाठी दिवसाचा पगार सोडावा लागतो. मुलांना घ्यायला पालक येतात त्या वेळेला जोडून सभा ठेवली, तर उपस्थिती सर्वांत चांगली राहते, असा माझा अनुभव आहे.

क्रम असा ठेवा. निमंत्रक लेखी नोटीस काढतात. तिच्यात तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका हवी. अध्यक्षांनी आदल्या आठवड्यात मुख्याध्यापकांबरोबर बसून विषय ठरवावेत. विषय तुम्ही सुचवला नाहीत, तर पत्रिकेवर फक्त ‘अनुदान खर्चास मंजुरी’ आणि ‘आयत्या वेळचे विषय’ एवढेच राहतात. नोटीस फलकावर लावा आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाका, पण फक्त ग्रुपवर टाकून भागवू नका.

सभेत सर्वांत आधी हजेरीच्या सह्या, मग मागचे इतिवृत्त वाचून कायम करणे, त्यानंतर मागच्या ठरावांवर काय झाले याचा आढावा आणि शेवटी नवे विषय. आढावा कधीही गाळू नका. अर्धी कामे केवळ ‘त्या पत्राचे काय झाले?’ हा प्रश्न दर महिन्याला विचारला जातो म्हणून पुढे सरकतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, किती असावी हेही पहिल्या सभेत ठरवून लिहून घ्या.

एक सापळा नेहमीचा आहे. सभा झालेली नसताना वही घरी पाठवून सह्या घेतात. ‘काही नाही, तपासणीसाठी लागते’ असे सांगतात. सही करू नका. सभा बोलवा म्हणावे, पंधरा मिनिटांची का असेना. कोऱ्या पानावर सही तर कुठल्याही परिस्थितीत नको. इतिवृत्ताच्या शेवटच्या ओळीखाली तिरपी रेघ मारून त्याच्या लगेच खाली सह्या घ्याव्यात, म्हणजे नंतर मध्ये काही घुसवता येत नाही.

५. ठराव असा लिहा

हे सर्वांत महत्त्वाचे, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडच्या जुन्या शाळा कौलारू आहेत आणि गळती हा बहुतेक समित्यांचा पहिला विषय असतो. एका शाळेच्या वहीत मी वाचलेला मजकूर असा होता: ‘शाळेच्या छपराबाबत चर्चा झाली. सर्वांनी चिंता व्यक्त केली. वरिष्ठांचे लक्ष वेधावे असे ठरले.’ सलग काही पावसाळे हेच वाक्य थोड्याफार फरकाने उतरवलेले होते. लक्ष कुणी वेधायचे, कुणाचे, कधीपर्यंत, काहीच नाही. मग काम होणार कसे?

तोच ठराव असा लिहिता येतो:

‘ठराव क्र. ३. तिसरीच्या वर्गात पश्चिमेकडच्या भिंतीलगत कौले फुटली असून वासे कुजले आहेत. पाऊस असताना वर्ग व्हरांड्यात भरवावा लागतो. कौले आणि वासे बदलण्यासाठी मुख्याध्यापकांनी भागशिक्षणाधिकाऱ्यांना सात दिवसांत पत्र द्यावे, सोबत छायाचित्रे जोडावीत. पत्राची प्रत पंचायतीला द्यावी. पुढील सभेत पोच मांडावी. सूचक, अनुमोदक. सर्वानुमते मंजूर.’

जागा, दोष, मुलांवर होणारा परिणाम, मागणी, जबाबदार व्यक्ती आणि मुदत, ही सहा अंगे त्यात आली. आता हे पत्र बाहेर काढताना शाळेच्या जावक नोंदवहीत क्रमांक पाडा, दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊनच परत या. साहेब जागेवर नाहीत म्हणून प्रत टेबलावर ठेवून येऊ नका. ती शिक्क्याची प्रत फाइलमध्ये लावली की पुढचे प्रत्येक पत्र ‘संदर्भ: आमचे दि. … चे पत्र’ असे सुरू करता येते, आणि उत्तर न देणे समोरच्याला अवघड होऊन बसते.

दुरुस्ती कोणाच्या अखत्यारीत येते हे आधी विचारून घ्या. किरकोळ काम शाळेच्या अनुदानातून होते. मोठे काम शिक्षण खात्यामार्फत साबांखाकडे (सार्वजनिक बांधकाम खात्याकडे) किंवा साधनसुविधा विकास महामंडळाकडे जाते आणि त्याला अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा असा वेळ लागतो. त्यामुळे छपराचे पत्र मे महिन्यात देऊन उपयोग नाही. पावसाळा सरला की लगेच, गळतीच्या खुणा भिंतीवर ताज्या असताना छायाचित्रे काढा आणि ऑक्टोबरातच पत्र लावा.

६. पैशांचा हिशेब

समग्र शिक्षा अभियानातून शाळांना संयुक्त शाळा अनुदान मिळते. मार्गदर्शक सूचनांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० आणि १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपयांपर्यंत. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. आपल्या गावातल्या बऱ्याच शाळांचा पट तिसाच्या आत आहे, म्हणजे खडू, झाडू, वीज जोडणीची किरकोळ दुरुस्ती, नळाची तोटी यांतच रक्कम संपते. म्हणून काय आधी घ्यायचे, हे ठरवणे महत्त्वाचे.

खर्चाआधी ठराव, मग दरपत्रके, मग खरेदी, पक्के बिल, साठा नोंदवहीत नोंद आणि शेवटी रोकड वही. हा क्रम उलटा झाला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि तो मुख्याध्यापकांबरोबर अध्यक्षांनाही चिकटतो. समितीतल्या सदस्याच्या किंवा त्याच्या भावाच्या दुकानातून खरेदी करायची वेळ आलीच, तर त्या सदस्याने त्या विषयावर मत देऊ नये आणि तशी नोंद करावी. नाहीतर दर रास्त असला तरी गावात बोलणे होतेच.

अनुदान वर्षाच्या शेवटी उशिरा येते आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करा असा निरोप येतो. त्या धांदलीत नको त्या वस्तू घेतल्या जातात. डिसेंबरातच गरजेच्या वस्तूंची क्रमवार यादी ठरावाने मंजूर करून ठेवली, तर पैसे येताच वरून खाली खरेदी करत जायचे. वार्षिक जमाखर्चावर अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष आणि निमंत्रक यांच्या सह्या लागतात. सही करण्यापूर्वी पासबुकाशी आकडे स्वतः जुळवून पाहा.

७. माध्यान्ह आहार

आपल्याकडे बहुतेक शाळांत महिलांचे स्वयंसाहाय्य गट आहार पुरवतात आणि भाजी-पाव हा त्यातला नेहमीचा प्रकार. प्राथमिकच्या मुलाला या आहारातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. पालक सदस्यांनी आळीपाळीने एकेक दिवस घ्यावा, डबे येतात त्या वेळी हजर राहावे, मुलांआधी चव घ्यावी आणि नोंदवहीत लिहावे. ‘ठीक’ असे लिहू नका. भाजी गरम होती का, पाव ताजा होता का, उसळीत कडधान्य किती आणि पाणी किती, मुलांनी टाकून किती दिले, हे लिहा.

काही बिघडले असेल, तर प्रथम गटाच्या ताईंशी बोला. त्यांची बिले थकल्याची तक्रार पुष्कळदा ऐकू येते आणि त्याचा परिणाम भाजीवर होतो. तसे असेल, तर बिले वेळेवर द्यावीत असा ठराव समितीने खात्याला पाठवणे हे मुलांच्याच हिताचे आहे. अन्न खराब असेल, तर मात्र वाटप लगेच थांबवा, नमुना झाकून ठेवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा.

८. शाळा विकास आराखडा

कायद्याच्या कलम २२ नुसार हा आराखडा समितीनेच करायचा असतो. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा येतो. पुढील वर्षांचा इयत्तावार पट, शिक्षकांची गरज, इमारत आणि साहित्य यांची गरज, लागणारा पैसा, एवढे त्यात हवे. आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी तो तयार व्हायला हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की कामाला लागा.

पटाचा अंदाज घेण्यासाठी अंगणवाडीताईंकडे जा. तुमच्या वाड्यावरची किती मुले पुढच्या जूनमध्ये पहिलीला येणार, हे त्यांना अचूक ठाऊक असते. त्या घरी समितीतल्या आयांनी आधीच जाऊन यावे. पट घसरला की शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याची चर्चा सुरू होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. आपल्या गावातली मराठी शाळा टिकावी असे वाटत असेल, तर हे सर्वांत मोलाचे काम आहे असे मी मानते.

९. शिक्षकांविषयी

शिक्षकांची नेमणूक किंवा बदली समितीच्या हातात नाही. पण कायद्याच्या परिशिष्टात ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगितले आहेत, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे सांगितले आहे. एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळत असेल, तर समितीने हा आधार देऊन मागणी करावी. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून इतर बिगरशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही, हे कलम २७ सांगते. बाईंना वारंवार इतर कामांना जुंपले जात असेल, तर त्यांना स्वतः तक्रार करणे अवघड जाते. समिती करू शकते. शिक्षकांना समिती आपल्या बाजूची वाटली, की कागद मागताना येणारा अवघडलेपणाही जातो.

वैयक्तिक तक्रार असेल, तर ती सभेत सर्वांसमोर काढू नका. आधी मुख्याध्यापकांशी बंद दाराआड बोला.

१०. काम अडले तर

पायऱ्या ठरलेल्या आहेत: मुख्याध्यापक, भागशिक्षणाधिकारी, शिक्षण विभागाचे उपसंचालक आणि मग पर्वरीचे शिक्षण संचालनालय. पायरी ओलांडून वर गेलात, तर पत्र फिरून खालीच येते. त्याच वेळी पंच सदस्यामार्फत विषय पंचायतीत मांडा आणि ग्रामसभेत विचारा. ग्रामसभेच्या इतिवृत्तात शाळेचा विषय आला, तर त्याला वजन येते. तरीही उत्तर नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ‘आमच्या अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली?’ असा अर्ज करा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मुलांच्या हक्काला सरळ धक्का बसत असेल, तर गोवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येते. आमदारांना भेटायला हरकत नाही, पण हातात शिक्क्याच्या प्रतींची फाइल घेऊन जा. तोंडी सांगितलेले त्यांच्याही लक्षात राहत नाही.

११. मुदत संपताना

शेवटच्या सभेत अपुऱ्या ठरावांची यादी करा: ठराव क्रमांक, तारीख, पत्र कुठे अडले आहे, कुणाशी बोलणे झाले. सर्व वह्या, फाइली आणि पासबुक नव्या अध्यक्षांना यादीनुसार देऊन दोघांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या घ्या. बँकेत तुमची सही चालत असेल, तर ती बदलण्याचा ठराव नव्या समितीच्या पहिल्याच सभेत घ्यायला लावा, नाहीतर पुढचे अनुदान त्यावाचून अडते. यादीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि नव्या समितीच्या पहिल्या दोन-तीन सभांना निमंत्रित म्हणून हजर राहा, म्हणजे अपुऱ्या ठरावांचा आढावा तुमच्यासमोर वाचला जाईल.